म्योडलारॉइट : ओढ्याच्या दोन काठांवरचे एक गाव

बव्हेरिया राज्याचे ईशान्य टोक आणि थुरिंजिया राज्याचे आग्नेय टोक जिथे एकमेकांना भिडतात, तिथे म्योडलारॉइट हे जेमतेम पन्नास माणसांच्या वस्तीचे खेडे आहे. गावातून टानबाख नावाचा ओढा वाहतो. पावसाळी दिवस सोडले तर तो एका उडीत ओलांडता येतो. ओढ्याच्या एका काठावरची घरे बव्हेरियातील ट्योपेन या ग्रामपंचायतीत मोडतात आणि दुसऱ्या काठावरची थुरिंजियातील गेफेल या नगरपालिकेत. युरोपच्या विसाव्या शतकातील इतिहासात या गावाला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळाली, ती या ओढ्यामुळे.

हा सारा परिसर फोग्टलांड या जुन्या प्रदेशात येतो. पश्चिमेला फ्रँकोनियाचे जंगल, दक्षिणेला फिख्टेल डोंगररांग आणि मधे पाचशे ते सहाशे मीटर उंचीचे लाटांसारखे चढउतार असलेले पठार, अशी येथील भूरचना आहे. जमिनीखाली पाटीचा दगड आणि हिरवट काळा डायबेस हा कठीण खडक सापडतो. त्यावरची माती पातळ आणि खडकाळ आहे. आसपासच्या गावांतील जुन्या घरांची छपरे आणि वाऱ्याच्या बाजूच्या भिंती काळ्या पाटीने मढवलेल्या दिसतात, कारण हाताशी असलेला आणि पावसाला टिकणारा दगड तोच होता. हिवाळा लांबतो आणि वसंत उशिरा येतो. दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या होफ शहराच्या या भागाला बव्हेरियातील लोक थट्टेने ‘बव्हेरियाचा सैबेरिया’ म्हणतात. अशा हवामानात गहू फारसा साधत नसे. राय, ओट, बटाटे आणि गुरांसाठी गवत यांवरच शेतकऱ्याची भिस्त होती. शेतीत पोट भरेना, तेव्हा या पट्ट्यातील कुटुंबे घरी हातमागावर कापड विणत. होफ आणि प्लाउएन ही शहरे पुढे कापडधंद्याची केंद्रे झाली, त्यामागे ही घरगुती विणकरी होती.

टानबाख पश्चिमेकडे वाहत जाऊन हिर्शबर्गजवळ साले नदीला मिळतो. साले एल्बेला मिळते आणि एल्बे उत्तर समुद्राला. टानबाखच्या पाण्यावर गावात पिठाच्या गिरण्या चालत, एवढाच काय तो त्याचा दबदबा होता. तरीही मध्ययुगापासून हद्दी ठरवणाऱ्यांना तो सोयीचा वाटला. जंगल तोडून वसवलेल्या खेड्यांची नावे या भागात ‘रॉइट’ने संपतात आणि अशी गावे डझनांनी आहेत. डोंगर, कडा किंवा मोठी नदी अशी ठळक खूण नसलेल्या या पठारावर दोन जहागिरींची शिवारे वेगळी करायची तर ओढा, जुने झाड किंवा दगड एवढ्याच खुणा हाताशी होत्या.

अठराव्या शतकापर्यंत गावाचा एक भाग बायरॉइटच्या मार्ग्राव्हच्या, म्हणजे होहेनझोलर्न घराण्याच्या एका शाखेच्या, अंमलाखाली होता आणि दुसरा भाग श्लाइत्स येथील रॉइस घराण्याच्या. हे रॉइस घराणे एका चमत्कारिक प्रथेसाठी प्रसिद्ध आहे. घराण्यातील प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिशच ठेवायचे आणि ओळखीसाठी त्याला क्रमांक द्यायचा. धाकट्या पातीत प्रत्येक शतकाच्या आरंभी हा क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होई. वंशावळ लिहिणाऱ्यांची त्यामुळे भंबेरी उडते, पण म्योडलारॉइटच्या शेतकऱ्याला आपला राजा कितवा हाइनरिश आहे याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते. त्याचा संबंध यायचा तो सारा भरताना.

नेपोलियनच्या युद्धांनी ही जुनी घडी विस्कटली. बायरॉइटचा मुलूख 1791 मध्ये प्रशियाकडे गेला, मग फ्रेंचांच्या ताब्यात आला आणि 1810 मध्ये नेपोलियनने तो बव्हेरियाच्या राजाला दीड कोटी फ्रँकला विकला. याच सुमारास नव्या राज्याची हद्द नीट आखण्यात आली. टानबाख ही बव्हेरियाचे राज्य आणि रॉइसचे संस्थान यांच्यामधली सीमारेषा ठरली आणि ओढ्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. दगडाच्या एका अंगावर ‘बव्हेरियाचे राज्य’ आणि दुसऱ्या अंगावर ‘रॉइसचे संस्थान’ या शब्दांची आद्याक्षरे कोरलेली होती. यांपैकी काही दगड आजही जागेवर उभे आहेत.

म्योडलारॉइटवर लिहिणारे बरेच जण येथेच घसरतात. गावाची फाळणी शीतयुद्धाने केली असे सरसकट लिहिले जाते. रेषा मात्र त्याआधी जवळपास दीडशे वर्षे तिथेच होती. या दीडशे वर्षांत तिचा कुणाला अडथळा झाला नाही, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे नीट समजत नाही. गावाची शाळा आणि दारूचा गुत्ता थुरिंजियाच्या काठावर होता, म्हणून बव्हेरियाच्या काठावरची मुले आणि त्यांचे बापही ओढा ओलांडून तिकडे जात. चर्च ट्योपेनला, म्हणजे बव्हेरियात, म्हणून रविवारी वाट उलटी फिरे. दोन्ही काठ प्रोटेस्टंट असल्याने तिथेही भेद नव्हता. सोयरिकी ओढ्याच्या आरपार होत, आणि एकाच घराची शेते दोन्ही अंगांना असत. 1918 मध्ये राजे गेले. 1920 मध्ये रॉइससह अनेक छोटी संस्थाने एकत्र करून थुरिंजिया राज्य उभे राहिले. कागदावर राज्यांची नावे बदलली, गावगाडा होता तसाच चालू राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1945 च्या वसंतात, अमेरिकी फौजा या भागात पोहोचल्या आणि त्यांनी ओढ्याचे दोन्ही काठ ताब्यात घेतले. परंतु जर्मनीचे कोणते प्रांत कोणाच्या अंमलाखाली राहायचे हे दोस्त राष्ट्रांनी युद्ध संपण्याआधीच लंडनमध्ये ठरवून ठेवले होते आणि ती आखणी करताना जुन्या प्रांतसीमाच धरल्या होत्या. थुरिंजिया सोव्हिएत विभागात पडले. जुलै 1945 मध्ये अमेरिकी सैन्य बव्हेरियात मागे सरले आणि थुरिंजियात सोव्हिएत सैन्य आले. लंडनच्या टेबलावर नकाशा पाहणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर हे खेडे असण्याचे कारण नव्हते. 1810 च्या दगडांची ओळ आपोआप दोन महासत्तांमधली रेषा झाली. सुरुवातीला सोव्हिएत सैनिकांनी गावाचा बव्हेरियातील भागही व्यापला होता. तो त्यांनी 1946 मध्ये सोडला.

पुढची काही वर्षे रेषा होती, पण अभेद्य नव्हती. परवाना दाखवून शेतावर जाता येई, ओळखीच्या पहारेकऱ्याची नजर चुकवूनही जाता येई. 1949 मध्ये दोन जर्मन राष्ट्रे स्थापन झाली, पश्चिमेचे संघराज्य आणि पूर्वेचे लोकशाही प्रजासत्ताक. गावाचे दोन काठ दोन देशांत गेले.

खरा घाव बसला तो 26 मे 1952 रोजी. त्या दिवशी पूर्व जर्मनीच्या मंत्रिमंडळाने सीमेलगतच्या मुलखासाठी हुकूम काढला. सीमेला लागून दहा मीटर रुंदीचा पट्टा नांगरून मोकळा ठेवायचा, म्हणजे त्यावर पाऊल पडले तरी ठसा उमटेल. त्यामागे पाचशे मीटरचा ‘संरक्षक पट्टा’ आणि एकूण पाच किलोमीटर खोलीचा प्रतिबंधित प्रदेश. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या ओळखपत्रावर खास शिक्का असे. बाहेरच्या माणसाला, मग तो सख्खा भाऊ का असेना, पोलिसांकडून परवाना काढल्याशिवाय आत येता येत नसे. पाचशे मीटरच्या पट्ट्यात रात्री घराबाहेर पडण्यालाही बंदी होती. म्योडलारॉइटचा पूर्वेकडचा सगळा भाग या आतल्या पट्ट्यात आला.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून 1952 मध्ये, सीमेवर राहण्यास ‘भरवशाचे नाहीत’ असे ज्यांच्याविषयी ठरले त्या कुटुंबांची उचलबांगडी सुरू झाली. सरकारी नोंदींत या मोहिमेला दिलेले नाव ‘उंगेत्सीफर’, म्हणजे उपद्रवी किडे. सीमाभागातील माणसांना राज्यकर्ते काय समजत होते हे त्या एका शब्दावरून कळते. पोलिसांनी याद्या केल्या. यादीत नाव येण्यासाठी पश्चिमेकडे नातलग असणे, सरकारविरुद्ध काही बोललेले असणे किंवा एखाद्या शेजाऱ्याने चुगली केलेली असणे पुरे होई. कुटुंबाला सामान गाडीत भरायला काही तास मिळत आणि कुठे नेणार हे सांगितले जात नसे. ऑक्टोबर 1961 मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर, अशीच दुसरी मोहीम झाली. दोन्ही मिळून संपूर्ण सीमेवरून अकरा हजारांहून अधिक माणसे हलवली गेली. म्योडलारॉइटमधील कुटुंबेही त्यात होती. काहींनी गाडी दाराशी येण्याआधीच ओढा ओलांडून पश्चिम गाठली. ओढ्याला अगदी खेटून असलेल्या इमारती पुढे पाडण्यात आल्या, कारण पहारेकऱ्याच्या नजरेआड काही राहता कामा नये असा नियम होता.

गावाच्या मधोमध आधी माणसाच्या उंचीचे लाकडी फळ्यांचे कुंपण उभे राहिले. पलीकडचे दिसू नये एवढाच त्याचा पहिला उपयोग होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला काटेरी तारांची भर पडली. 1966 मध्ये फळ्या जाऊन काँक्रीटची भिंत आली. सुमारे 700 मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधील सीमा जवळपास 1,400 किलोमीटर लांब होती आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी जाळीचे लोखंडी कुंपण होते. काँक्रीटची भिंत जिथे घरे सीमेला चिकटून होती अशा मोजक्या गावांत बांधली गेली. उत्तरेकडे त्सिशेरी आणि ब्योकवित्स या जोडगावांच्या मध्येही अशीच भिंत होती. म्योडलारॉइटला अमेरिकी सैनिक ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले आणि ते नाव चिकटले.

योगायोग असा, की त्याच 1966 साली येथून थोड्याच अंतरावर साले नदीवरचा रुडोल्फश्टाइनचा महामार्ग पूल पुन्हा वाहतुकीला खुला झाला. म्युनिकहून बर्लिनला जाणाऱ्या या रस्त्याचा पूल युद्धाच्या शेवटी उडवून दिलेला होता. पश्चिम बर्लिनला जाणाऱ्या मोटारी तपासणी उरकून पूर्व जर्मनीतून बिनदिक्कत पार होऊ लागल्या. म्योडलारॉइटच्या माणसाला मात्र समोरच्या घरी जायची सोय उरली नाही.

भिंत नेमकी कुठे होती, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. देशांची हद्द ओढ्यापाशी होती, पण भिंत थोडी आत, पूर्वेच्या बाजूला, बांधलेली होती. ओढा आणि भिंत यांच्यामधली गवताची चिंचोळी पट्टी पूर्व जर्मनीचीच होती. पश्चिमेकडून आलेल्या हौशी पाहुण्याने ओढ्यावरून उडी मारून भिंतीला हात लावला, तर तो परक्या देशात शिरलेला असे आणि पूर्वेचे सैनिक भिंतीतल्या लहान दारातून बाहेर येऊन त्याला पकडू शकत. म्हणून बव्हेरियाचे सीमापोलीस पाहुण्यांना सतत बजावत. ओढ्याच्या पश्चिम काठावर बव्हेरियाचे पांढरेनिळे खांब होते, पलीकडे पूर्व जर्मनीचे काळेलालसोनेरी. भिंतीच्या पूर्वेला नांगरलेला पट्टा, गस्तीच्या गाड्यांचा रस्ता, रात्रभर जळणारे दिवे आणि काँक्रीटचा टेहळणी बुरूज होता. गावाच्या पाठीमागे आणखी एक कुंपण होते. त्याच्या तारेला धक्का लागला की पहारेकऱ्यांच्या ठाण्यात इशारा वाजे. पूर्व म्योडलारॉइटची माणसे अशा रीतीने पुढची भिंत आणि मागचे कुंपण यांच्या मध्ये राहत होती.

पश्चिमेकडचे रहिवासी भिंतीपलीकडच्या ओळखीच्या माणसाला हात करत. पूर्वेकडच्या माणसाला उलट हात करण्याची मनाई होती. खिडकीत उभे राहून ओळख दाखवणे हाही गुन्हा ठरू शकत होता. त्यामुळे तिकडून उत्तर येत नसे आणि हळूहळू इकडून हात करणेही थांबले. पश्चिम काठ मात्र प्रेक्षणीय स्थळ झाला. बसगाड्या भरून लोक येत, भिंतीचे फोटो काढत आणि निघून जात. 5 फेब्रुवारी 1983 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश येथे येऊन गेले. पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत पूर्वेकडचे जे शेतकरी दिसतात त्यांच्यातला क्वचितच कोणी कॅमेऱ्याकडे पाहताना दिसतो.

1972 मध्ये दोन्ही जर्मनींत मूलभूत करार झाला आणि पुढच्या वर्षापासून पश्चिमेच्या सीमाजिल्ह्यांतील लोकांना पूर्वेच्या सीमाजिल्ह्यांत एका दिवसासाठी जाण्याची सवलत मिळाली. ऐकायला हे मोठे वाटते. प्रत्यक्षात प्रतिबंधित पट्टा सवलतीतून वगळलेला होता. पश्चिम म्योडलारॉइटचा रहिवासी रुडोल्फश्टाइनच्या नाक्यावरून वळसा घालून श्लाइत्सपर्यंत जाऊ शके. भिंतीपलीकडे हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आप्ताच्या घरी मात्र नाही. भेटायचे तर दोघांनीही गावापासून दूर कुठेतरी जायचे. ही भिंत शिडीवरून ओलांडून पश्चिमेत पोहोचण्यात यश आल्याची एकच घटना नोंदली गेली आहे. 1973 मध्ये एका माणसाने आपले वाहन भिंतीला भिडवले, त्याच्या टपावरून शिडी लावली आणि पलीकडे उडी टाकली.

1989 च्या शरद ऋतूत पूर्व जर्मनीचा डोलारा कोसळू लागला. प्राग येथील पश्चिम जर्मनीच्या दूतावासात आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मनांना घेऊन निघालेल्या गाड्या 1 ऑक्टोबरला सकाळी होफच्या स्थानकात पोहोचल्या. 9 नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटची मात्र लगेच उघडली नाही. बर्लिनमध्ये लोक भिंतीवर नाचत असताना येथे पहारा चालूच होता. अखेर 9 डिसेंबर 1989 रोजी पायी जाणाऱ्यांसाठी भिंतीत वाट केली गेली. सदतीस वर्षांनंतर गावाचे दोन काठ एकमेकांना भेटले. 17 जून 1990 रोजी, 1953 च्या पूर्व जर्मनीतील उठावाच्या स्मृतिदिनी, यंत्राने भिंत पाडायला सुरुवात झाली. स्थानिकांच्या आग्रहाने तिचा सुमारे शंभर मीटरचा तुकडा ठेवला गेला. बुरूज, कुंपणाचे नमुने आणि सीमेवरची वाहने यांसह तो आज ‘जर्मन-जर्मन संग्रहालया’चा भाग आहे.

ज्या दिवशी भिंतीत वाट झाली, त्याच 9 डिसेंबर 1989 रोजी होफमध्ये एक वेगळीच बैठक भरली होती. दोन्ही जर्मनींतील निसर्गप्रेमी पहिल्यांदाच मोकळेपणी एकत्र आले होते. सीमेच्या पट्ट्यात चाळीस वर्षे शेती, खत आणि इमारत यांपैकी काही पोहोचले नव्हते. त्यामुळे तिथे दुर्मीळ पक्षी आणि वनस्पती टिकून होत्या. माळरानी गवतात घरटे करणारा व्हिनचॅट हा लहान पक्षी याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. सगळी सीमा हा सलग हिरवा पट्टा म्हणून राखावा असा ठराव या बैठकीत झाला. त्यातून उभा राहिलेला ‘हरित पट्टा’ आज जुन्या सीमेच्या बऱ्याच लांबीवर संरक्षित आहे आणि तोच विचार पुढे फिनलंडपासून बाल्कनपर्यंतच्या जुन्या लोखंडी पडद्याला लागू करण्यात आला. म्योडलारॉइटच्या शिवाराबाहेर पडले की दाट शेतजमिनीत एक ओबडधोबड झुडपांची रेघ दिसते. तीच ती जुनी सीमा.

3 ऑक्टोबर 1990 रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या. देश एक झाला तरी बव्हेरिया आणि थुरिंजिया ही दोन राज्ये राहिली, त्यांच्यामधली 1810 ची रेषाही राहिली. म्हणून या पन्नास माणसांच्या गावाला दोन महापौर आहेत. ट्योपेनच्या बाजूचा पिनकोड 95183, गेफेलच्या बाजूचा 07926. फोनचे प्रादेशिक क्रमांक वेगळे. एकाच्या मोटारीवर होफ जिल्ह्याची आद्याक्षरे, समोरच्याच्या मोटारीवर साले-ओर्ला जिल्ह्याची. मुले वेगवेगळ्या राज्यांच्या अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. 31 ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुट्टी थुरिंजियाच्या काठाला असते आणि दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी बव्हेरियाच्या काठाला. अभिवादनाची पद्धतही बदलते, बव्हेरियात ‘ग्रूस गॉट’ आणि थुरिंजियात ‘गुटेन टाग’.

गावाची ही कथा जर्मनांच्या घराघरांत पोहोचली ती 2015 मध्ये ‘टानबाख’ नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेने. तिच्यातील गाव आणि पात्रे कल्पित आहेत, मात्र कल्पनेची मुळे म्योडलारॉइटमध्ये आहेत. मालिकेचे चित्रीकरण झेक प्रजासत्ताकात झाले, तरी ओढ्याचे नाव ऐकून येथे येणारे पाहुणे वाढले.

दोन काठ एकाच राज्यात आणणे कायद्याने अशक्य नाही. जर्मनीच्या राज्यघटनेच्या 29 व्या कलमाप्रमाणे, पन्नास हजारांपेक्षा जास्त वस्तीला झळ पोहोचत नसेल, तर राज्यांची हद्द परस्पर कराराने बदलता येते. म्योडलारॉइटच्या बाबतीत ही तरतूद वापरली गेलेली नाही. टानबाख आजही दोन राज्यांची सीमा आहे आणि तिच्यावर ना पहारा आहे ना तपासणी.